टरफलं कोणी उचलायची?

डबेशोध्या

गेल्या आठवड्यात मी इथे कूगर माउंटनवरच्या साफसफाईचं निमंत्रण टाकलं. सिएटलच्या आसपास राहणाऱ्यांनी शनिवारी सकाळी दोन तास काढावेत, एवढंच मागणं होतं. त्याखाली खवचटकाकांनी लिहिलं: "आधी रानात प्लॅस्टिकचे डबे लपवायचे, मग तिथेच कचरा वेचून फोटो काढायचे. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." या ओळीला बावीस अंगठे. निमंत्रणाला चार, त्यातला एक माझ्या बायकोचा. म्हणून हा वेगळा धागा.

काका, जिओकॅशचा, म्हणजे जीपीएसवरून लपवलेले डबे शोधायच्या खेळातला, डबा म्हणजे कचरा नव्हे. प्रत्येक डब्याला मालक असतो, नोंद असते. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागतं, खड्डा खणून पुरायला बंदी आहे. नॅशनल पार्कात तर परवानगीशिवाय डबा ठेवताच येत नाही, म्हणून तिथे बहुतेक वेळा नुसता खडक बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. आणि 'कॅश इन ट्रॅश आउट', म्हणजे खेळाच्या जागेवरचा कचरा गोळा करणं, हा प्रकार काही मी काल फोटोसाठी काढलेला नाही. २००२पासून जगभरचे जिओकॅशर हे करतायत.

मागच्या खेपेला रेडटाउनच्या पार्किंगपासून चालायला लागलो तर काय मिळालं? कुत्र्याच्या शीच्या पिशव्या. एकतीस. लोक खाली वाकतात, शी उचलतात, पिशवीला छान गाठ मारतात आणि ती पिशवी फांदीला टांगून निघून जातात! न उचलता सोडली असती तर निदान पावसानं विरघळली असती. हे लोक 'येताना नेऊ' म्हणतात आणि दुसऱ्या वाटेनं उतरतात. यावर मी स्वतंत्र धागा काढू शकतो, पण असो.

खवचटकाका

नियम तोंडपाठ आहेत, छान. आता इतिहास ऐका. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं पहिला डबा ठेवला. डबा कसला, बादली. तीही अर्धी जमिनीत पुरलेली! तुमच्या खेळाचा श्रीगणेशाच तुमच्या नियमात बसत नाही.

"मालक असतो" म्हणे. मी रोज त्या डोंगरावर चालतो. दोन वर्षांपूर्वी एका ओंडक्याखाली तुमचा एक डबा सापडला. झाकण फुटलेलं, आत वहीचा लगदा, दोन प्लॅस्टिकच्या बाहुल्या, बुरशी. चौकशी केली तर मालक पोर्टलंडला राहायला गेलाय. मालक गाव सोडतो, डबा रानातच राहतो. तो डबा अजून तिथेच आहे.

डबेशोध्या

दोन वर्षं बघताय आणि उचलला नाहीत?

खवचटकाका

माझा आहे का?

पेठकर

बावीस अंगठ्यांपैकी एक माझा. पुण्यात बसून दिला, कारण प्रश्न तत्त्वाचा आहे. ज्यानं घाण केली त्याला धरा, दंड करा. दुसऱ्यांनी फुकट उचलत राहिलं की करणारा सोकावतो. सिंहगडावर दर रविवारी कुणी ना कुणी गट बाटल्या गोळा करून पोतं खाली आणतो, पुढच्या रविवारी तेवढ्याच बाटल्या.

बाकी हा खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाही याचं कारण साधं आहे. लहानपणापासून स्टेशनवर ऐकतोय, "बेवारस वस्तूला हात लावू नका." आणि हे लोक मुद्दाम शोधत हिंडतात.

रानमेवा

मधेच बोलते. बाटल्या दिसतात म्हणून सगळे बाटल्या उचलतात. त्या डोंगराचा खरा त्रास म्हणजे हिमालयन ब्लॅकबेरी. १८८५ मध्ये ल्यूथर बरबँकनं 'हिमालय जायंट' म्हणून विकायला काढली. नाव हिमालयाचं, गाव आर्मेनियाकडचं. आता ओढ्याकाठी दुसरं काही उगवू देत नाही. दोन तास आहेत तर तिची मुळं खणा. वरून छाटलीत तर दुप्पट फुटते. लांब बाह्यांचे कपडे घाला, मला अजून ओरखडे आहेत.

शाळाबाई

ब्लॅकबेरी राहू द्या. टरफलांचं बोलू.

अठ्ठावीस वर्षं चौथीला शिकवलं, सातारा जिल्ह्यात. दर १ ऑगस्टला कुणीतरी चिमुरडा पगडी घालून उभा राहतो आणि "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही" असं ठणकावतो. टाळ्या. मग त्याच दुपारी वर्गात पेन्सिलीचा कचरा पडलेला असतो आणि मी म्हणते, उचला रे. चाळीस पोरं एका सुरात: "बाई, आम्ही नाही केला!" एकानं तर "टिळकांनी पण नाही उचलला" असं तोंडावर सांगितलं. काय उत्तर देणार? भाषण मीच बसवून घेतलं होतं.

पेठकर

बाई, तुम्ही गोष्टच उलटी शिकवलीत. मुद्दा कचऱ्याचा नाही, खोट्या आरोपाचा आहे. मास्तरांनी सरसकट वर्गाला शिक्षा दिली आणि एका मुलानं ती नाकारली. पुढे इंग्रज सरकारला जाब विचारणारा माणूस त्यात दिसतो. लोकमान्यांना झाडूवाल्यांच्या वादात ओढू नका.

शाळाबाई

'झाडूवाल्यांच्या वादात' म्हणजे काय हो? गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे. त्यांनी कुठं विचारलं, शेंगा कुणी खाल्ल्या? पण गाडगेबाबा होऊन भाषण करायला एक पालक मूल देत नाही. फाटकी गोधडी नेसवायची लाज वाटते. पगडी सगळ्यांना हवी.

पेठकर

आता हा विषय कुठे चाललाय ते सगळ्यांना दिसतंय. मी थांबतो.

(थांबत नाही. गोष्टीतल्या मुलाची चूक काय होती, एवढं एकदा सांगा.)

शाळाबाई

चूक नव्हती. पण त्या गोष्टीत शेवटी टरफलं उचलली कोणी? सांगा. मुलगा उचलत नाही, मास्तर उचलत नाहीत. वर्ग दुसऱ्या दिवशी स्वच्छ असणार ना?

बिनटोपणनावाचा

मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

माझी आई शाळेत शिपाई होती. टरफलं तिनं उचलली असती. मी त्याच शाळेत शिकलो. सुट्टीनंतर ती वर्ग झाडायला यायची तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसायचो, कुणी बघू नये म्हणून. त्या वर्षी ते भाषण मीच केलं होतं. पहिला नंबर आला. आईनं बक्षिसाची वही जपून ठेवली आहे.

एवढंच. तुमचं चालू द्या.

डबेशोध्या

यावर काय लिहावं कळत नाही.

खवचटकाका

मग लिहू नका. आमच्यासारख्या एनआरआयंना इथे येईपर्यंत स्वतःची ताटली उचलायची सवय नव्हती, आणि आता कचरा उचलला की खेळाच्या खात्यात त्याचं डिजिटल सूव्हनीर, म्हणजे आठवणीचं चित्र, मिळतं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका रोज दारोदार फिरतात, त्यांना कुठलं सूव्हनीर? तुमच्या नियमानं तर एक तासाचा कार्यक्रम झाला की हजेरी लागते.

डबेशोध्या

किमान एक तास. आम्ही दोन थांबतो. सूव्हनीरचं मात्र मान्य. काही जण सही करून पंधरा मिनिटांत गायब होतात, मलाही राग येतो.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी एक चूक सांगून टाकतो. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकानं झुडपातून मोठं गंजकं लोखंड ओढून काढलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. पार्कच्या माणसानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्या डोंगरात १९६३पर्यंत कोळशाच्या खाणी होत्या. ते लोखंड त्या काळचं, म्हणजे कचरा नाही, इतिहास. गुपचूप परत नेऊन ठेवलं. त्यामुळे या वेळी गंजलेल्या कशालाही हात लावायचा नाही.

पेठकर

म्हणजे कचरा कोणता तेही तुम्हाला कळत नाही. धन्य.

रानमेवा

संत्र्याच्या सालींचंही सांगा. "कुजते हो" म्हणून टाकतात. त्या गारठ्यात महिनोन्महिने तशीच केशरी पडलेली असते.

शाळाबाई

पेठकर, उत्तर राहिलं.

पेठकर

बाई, उचलली असतील कुणीतरी. बरं, शिपायानं उचलली. झालं समाधान? तरीही मुलाचं चुकलं नव्हतं.

शाळाबाई

तेच तर मीही म्हणाले. फक्त पुढच्या वर्षी भाषणात शिपायाचं एक वाक्य घालणार आहे.

खवचटकाका

शनिवारी मी तसाही तिकडे चालायला असतो. थांबेन थोडा वेळ. हातमोजे माझे मी आणीन. हजेरी लावू नका, फोटो नको. तो पोर्टलंडवाल्याचा डबा मात्र तुमच्या पोत्यात गेला पाहिजे.

डबेशोध्या

तो आमच्या यादीतून केव्हाच उडालाय. कोऑर्डिनेट्स पाठवाल?

खवचटकाका

कसले कोऑर्डिनेट्स? ओढ्यावरचा पूल ओलांडायचा, चढ लागला की डावीकडे एक आडवा पडलेला सीडार आहे, त्याच्या बुंध्याशी. फांदीला शीची पिशवी टांगलेली दिसेल.