सल्ला हवा: न्यू जर्सीत लाल कांदा, कॅटलॉगमधला कोणता घ्यावा?

एडिसनकर
बाहेर बर्फ आणि टेबलावर बियाण्यांचे चार कॅटलॉग. नुसत्या कांद्याचीच सहा पानं! ४ × ८ फुटांचे दोन वाफे आहेत. लाल, तिखट, भेळेवर घालता येईल असा आणि दिवाळीपर्यंत टिकणारा हवा. बजेट २० डॉलर, टपालखर्च धरून. बी घेऊ, सेट्स (लावायचे छोटे सुके कांदे) की तयार रोपं?

टेक्सासची_ताई
डोळे मिटून टेक्सास १०१५ वाय घ्या. १५ ऑक्टोबरला पेरायचा, त्यावरून नाव पडलं. हा एवढा मोठा होतो आणि चिरताना डोळ्यांत टिपूस नाही. आमच्याकडे दरवर्षी तोच.

वाफा_आणि_ओटा
ताई, तो पिवळा, गोड आणि फार न टिकणारा. त्यांनी मागितलं त्यातलं एकही नाही! शिवाय तो शॉर्ट-डे.

एडिसनकर, जात नंतर. आधी पाकिटावर लाँग-डे लिहिलंय का ते बघा. कांदा पोसायला लागतो तो दिवस किती मोठा झाला त्यावर. शॉर्ट-डेला १०-१२ तास पुरतात, लाँग-डेला १४ लागतात. तुमच्याकडे एप्रिलच्या सुरुवातीला लागवड करेपर्यंत दिवस साडेबारा तासांच्या वर गेलेला असतो. शॉर्ट-डेचं रोप चार पातींवर असतानाच पोसायला लागतं आणि हातात येतात गोट्या. एक पात म्हणजे आतला एक थर, त्यामुळे आधी पात वाढली पाहिजे. लाल, लाँग-डे आणि टिकणारा म्हटलं तर रेडविंग एफ-१.

निफाडचा_नाना
एन-२-४-१ लावा, नाहीतर भीमा शक्ती. कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) चार-पाच महिने बघायला नको. एकरी ३ किलो बी, गादीवाफ्यावर रोप, ५० दिवसांनी १५ × १० सेंमीवर लागवड.

सातारी_ठसका
नाना, एकरी?? त्यांच्याकडे दोन सतरंज्यांएवढी जागा आहे.

वाफा_आणि_ओटा
नाना, या दोन्ही जाती आपल्याकडच्या दिवसाच्या. नाशिकला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, एडिसनला पंधराचा. आणि बॅगेतून बी आणायचं तर परवाना लागतो, विमानतळावर जाहीर करावं लागतं. पाच डॉलरच्या पाकिटासाठी कोण करणार?

गॅरेजमधली_शेती
बियांपासून रोपं घरातच करा: चार फुटी एलईडी दिवे दोन, हीट मॅट (ट्रेखाली ऊब द्यायला), टायमर, ७२ खणांचे ट्रे. शंभर-एकशेदहात सगळं बसतं. एकदाच खर्च, पुढे टोमॅटोलाही होतं.

सातारी_ठसका
बजेट २० म्हणालेत हो ते.

वाफा_आणि_ओटा
मॅट नकोच. घरात २० अंश असले की बी आठ-दहा दिवसांत उगवतं. दिवा असेल तर १२ तासांवर ठेवा. टोमॅटोसारखा १६ तास ठेवलात तर लाँग-डे जातीला तो जूनच वाटतो आणि डब्यातच बुडखा फुगायला लागतो.

ट्रेऐवजी स्ट्रॉबेरीचा झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, भोकं असतातच. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ओल्या मातीत बी टाकून वर १ सेंमी माती. पहिला हिरवा आकडा दिसला की झाकण काढा. दोन दिवस जरी विसरलात तरी मर लागते आणि रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. १२ सेंमी झाली की कात्रीने ७-८ सेंमीवर छाटा, म्हणजे गुंता होत नाही (छाटलेली पात आमटीत). लावण्याआधी आठवडाभर बाहेर ठेवून सवय करा. मग ४-४ इंचांवर, जेमतेम इंचभर खोल. खोल गेलं की मान जाड होते आणि कांदा सुकत नाही.

हिशेब: एका चौरस फुटात ९, म्हणजे वाफ्याला २८८. दोन पाकिटांत काम होतं. उरलेलं बी पुढच्या वर्षावर ठेवू नका, कांद्याचं बी फार लवकर मरतं.

सातारी_ठसका
सेट्स घेऊ नका, एवढंच सांगते. हार्डवेअरच्या दुकानातली जाळी, लेबलवर नुसतं ‘रेड’. निम्म्यांना डेंगळे (फुलांचे दांडे) आले.

वाफा_आणि_ओटा
जाळीत मोठे सेट्स असणार. २ सेंमीपेक्षा जाड असला की थंडीत कांद्याला वाटतं आपलं एक वर्ष झालं, आणि तो फुलावर येतो. बारीक निवडून घ्यावेत. तयार रोपांची जुडी सोपी, पण एका जुडीतच बजेट संपेल.

टेक्सासची_ताई
तिखटच हवा तर १०१५ला गंधक घाला की. तिखटपणा गंधकामुळेच येतो ना?

वाफा_आणि_ओटा
येतो, पण जातीच्या मर्यादेत. जमिनीत गंधक कमी असलं की तिखट जात थोडी सौम्य होते. गंधक घातल्याने गोड जातीचा लाल ठसकेबाज होत नाही.

निफाडचा_नाना
जात कुठलीही लावा, नत्राचं बघा. दर तीन आठवड्यांनी थोडं, आणि बुडाशी माती फाटून कांदा दिसू लागला की बंद. निम्म्या माना पडल्या की पाणी तोडा आणि काढा. पातीसकट तीन दिवस सुकवायचा, मग दोन-तीन सेंमी मान ठेवून पात कापायची. पात अगदी कांद्यालगत कापली तर तिथूनच सडतो.

सातारी_ठसका
हे मात्र लाखातलं, नाना. फक्त तिकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस असतो, उघड्यावर नको. गॅरेजमध्ये जाळीवर, पंखा लावून दोन-तीन आठवडे.

बॉस्टनची_पात
लाँग-डे घ्या, लाँग-डे! (वर कुणी सांगितलं असेल तर माफ करा, सगळं वाचलं नाही.)

एडिसनकर
सगळ्यांचे आभार. ऑर्डर केली: ऐल्सा क्रेग, एक पाकीट. फोटोत तो माणसाच्या दोन्ही हातांत मावत नाहीये. दुसऱ्या वाफ्यात सेट्स.

वाफा_आणि_ओटा
अहो, तो पिवळा, सौम्य, आणि दसऱ्यालाच मऊ पडायला लागेल. टिकणारा लाल विचारला होतात ना?

एडिसनकर
लाल वाण्याकडून आणू. आणि सेट्स पातीसाठीच लावतोय. डेंगळे यायच्या आत उपटून झुणका. ऐल्सा क्रेग लाँग-डे आहे मात्र, बघितलं! स्ट्रॉबेरीचे तीन डबेही धुऊन ठेवलेत.