बाणाच्या टोकाचे वजन: १०० ग्रेन की १२५ ग्रेन?

प्रश्न: गोदाकाठचा नेमबाज

नमस्कार. मी नाशिकला दोन वर्षांपासून रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यावर सराव करतो. पूर्ण ओढल्यावर बोटांवर ३४ पौंड भार येतो. बाण कार्बनचे, २८.५ इंच लांबीचे व ६०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे कांडीच्या ताठपणाचे माप) असून त्यांना १०० ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), स्क्रूने बसणारी टोके आहेत. परदेशी शिकाऱ्यांच्या चर्चा वाचताना असे दिसले की पात्याच्या टोकाचे, म्हणजे ब्रॉडहेडचे, वजन १०० ग्रेन असावे की १२५ यावर तेथे मोठा वाद चालतो आणि अनेकांचा कल १२५ कडे असतो. माझे बाण ५० मीटरवर वाऱ्यात भरकटतात, त्यामुळे आपणही जड टोकाकडे वळावे असे वाटू लागले आहे. दुकानदार मात्र "सगळे १०० च नेतात" यापलीकडे काही सांगत नाही. काय करावे? एखादे ब्रॉडहेड मागवून पाहणे योग्य ठरेल का?

उत्तर १: जुना मैदानी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मागवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे आपल्याकडे आता हौसेखातर शिकारीला वाव उरलेला नाही, आणि सरावाच्या मैदानावर पात्याचे टोक फोमचे लक्ष्य चिरून टाकते. शिवाय ते बाहेर ओढताना हात कापण्याची भीती असते ती वेगळीच. शिकाऱ्यांचा वाद ज्या कारणाने होतो ते कारणही तुम्हाला लागू नाही. ब्रॉडहेडची पाती बाणाच्या पुढच्या टोकाला पिसांसारखी हवा धरतात आणि बाणाला भलतीकडे वळवू पाहतात, म्हणून त्यांना पुढचा भार जास्त हवा असतो. जनावराच्या अंगात बाण खोल जावा हा त्यांचा दुसरा हेतू. तुमच्यापुढे कागदाचे लक्ष्य आहे.

उत्तर २: स्पाइन-विचारी

वरील मत मान्य आहे, तरी जड टोकाचा विचार केवळ त्यामुळे सोडून देऊ नये. टोकाचे वजन सुटे निवडता येत नाही. ते कांडीच्या ताठपणाशी बांधलेले असते. ६०० स्पाइन म्हणजे २८ इंचांवर आधार दिलेली कांडी मध्यभागी १.९४ पौंड वजन टांगल्यावर ०.६०० इंच वाकते. हे झाले स्थिर मोजमाप. प्रत्यंचा सुटताना पुढचे टोक जितके जड, तितकी कांडी अधिक वाकते, म्हणजे तोच बाण अधिक मऊ वागतो. माझ्या अंदाजाने ३४ पौंडांना ६०० ची कांडी थोडी ताठच आहे, आणि असे असेल तर २५ ग्रेन वाढवल्याने कांडीचा ताठपणा आणि वाऱ्यात भरकटणे हे दोन्ही प्रश्न एकदमच हलके होतील. पण माझ्या अंदाजावर पैसे घालू नका. १८ मीटरवर पिसे असलेले तीन आणि बिनपिसांचे दोन बाण मारून पाहा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण डावीकडे गेले तर कांडी ताठ, उजवीकडे गेले तर मऊ. मऊ निघाली तर १२५ चे नावही काढू नका.

तोलही मोजून ठेवा. नॉकच्या, म्हणजे प्रत्यंचा अडकवायच्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून बाणाचा तोलबिंदू किती अंतरावर आहे ते पाहा, त्यातून निम्मी लांबी वजा करा आणि उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा. रिकर्व्हच्या लक्ष्यबाणांसाठी हा आकडा साधारण ११ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात.

उत्तर ३: सराफगल्ली

या विषयात माझा अधिकार वजनापुरताच. ग्रेन म्हटले की लोक उगाच बिचकतात, पण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा आणि बारा माशांचा, म्हणजे एका माशाला १५ ग्रेन. तेव्हा १०० आणि १२५ मधला फरक पावणेदोन माशांच्याही आत, ग्रॅममध्ये १.६२ येतो. सांगायचा मुद्दा असा की टोके विकत घेताना सोन्याच्या काट्यावर एकेक तोलून घ्यावी. एकाच पाकिटातील टोकांत दोन-तीन ग्रेनचा फरक मी स्वतः पाहिला आहे, आणि लक्ष्यावर बाणांचा गट विखुरला की माणूस दोष मात्र वाऱ्याला देतो.

प्रश्नकर्ता: गोदाकाठचा नेमबाज

सर्वांचे आभार. रविवारी सकाळी वारा पडलेला असताना चाचणी घेतली. मी उजव्या हाताने ओढतो. १०० ग्रेनवर बिनपिसांचे बाण वीतभर डावीकडे गेले, म्हणजे कांडी ताठच निघाली. मैदानावरील एका सोबत्याची १२५ ची टोके लावल्यावर तेच अंतर चार बोटांवर आले. तोलबिंदू १७.४ इंचांवरून १८.२ इंचांच्या आसपास सरकला, म्हणजे प्रमाण ११ टक्क्यांवरून जवळपास १४ वर गेले. पिसांसह पूर्ण बाण ३३० ऐवजी ३५५ ग्रेनचा झाल्यामुळे ५० मीटरवर तो खाली पडू लागला आणि साइट, म्हणजे धनुष्यावरील नेम धरायची खूण, खाली घ्यावी लागली. उरलेल्या चार बोटांसाठी आणखी जड टोक घ्यावे का?

उत्तर ४: स्पाइन-विचारी

नको. एवढ्यासाठी बाण आणखी जड केलात तर साइटला खाली जागा उरणार नाही. धनुष्याच्या बटणाची (बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या खुंटीची) स्प्रिंग अर्ध्या फेऱ्याने सैल करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. टोके विकत घेण्याआधी सोबत्याचीच आणखी एक आठवडा वापरा, तीही दुपारच्या वाऱ्यात.