क्रूझवर शांत बसायला जागा मिळते का? मुंबई-गोवा, जानेवारी, घरचे १४ जण

दांडियाबाजार_वाडा
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. जानेवारीत आमची मुंबईहून गोव्याची क्रूझ आहे, तीन रात्री, त्यात एक दिवस गोवा आणि एक दिवस नुसता समुद्र, उत्तरायणच्या आधी घरी परत. दोन्ही दीर, जावा, नणंदेकडचे, मुलं आणि सासूबाई मिळून १४ जण. मला जायचंय, मनापासून जायचंय, पण खरं सांगते, मला तिथे रोज थोडा वेळ कोणाशी न बोलता बसायचंय. सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, ऑगस्टमध्ये गेले. त्यांची कूस बदलायला रात्री दोनला उठायचे ती सवय अजून गेली नाहीये, दोन वाजले की डोळे उघडतात आणि मग पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जहाजावर डीजे आणि पूलमध्ये उड्या, एकात तर डेकवर गरबा पण चालू होता (आवडतो मला, नवरात्रात नऊ दिवस जाते, पण आत्ता नको). खोली अजून बदलता येते म्हणालेत. कुठली घेऊ? दिवसातनं कधी, कुठे बसू? आणि मला घाटात बसमध्ये मळमळतं, त्याचं काय करू?

खारा_वारा
ताई, मी २२ वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली, आता निवृत्त होऊन मकरपुऱ्याला असतो. आधी मळमळीचं बोलतो कारण ते सुरू झालं की शांतता वगैरे काही सुचत नाही. जहाज पुढून-मागून वरखाली होतं आणि आडवंही डुलतं, म्हणजे सगळ्यात कमी हलतो तो लांबीच्या मधला भाग, तोही खालच्या मजल्यांवरचा. टोकाची आणि वरची खोली दिसायला छान, हलायला जास्त. जानेवारीत अरबी समुद्र बराच शांत असतो, खवळतो तो जून ते सप्टेंबर, आणि प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात ते डुलणं पुष्कळ कमी करतात, तेव्हा घाबरू नका. तरी आलेपाक जवळ ठेवा, रिकाम्या पोटी राहू नका, आणि गोळी डॉक्टरांना विचारून आणा, ती त्रास व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेऊन फार उपयोग नाही. मळमळायला लागलं तर मोबाईल खाली ठेवून बाहेर या आणि क्षितिजावर नजर ठेवा, कानाला जे हलणं कळतं ते डोळ्यालाही दिसलं की मेंदूचा गोंधळ थांबतो.

अगदीच खात्री करायची असेल तर आधी हझिरा-घोघा रो-रो फेरीने (गाड्याही चढवून नेणारी मोठी बोट) जाऊन या. २०२० च्या नोव्हेंबरपासून चालू आहे, खंभातचं आखात ओलांडायला साधारण चार तास लागतात, आपल्याला बडोद्याहून सुरतेपर्यंतच जायचंय. स्वतःचं शरीर पाण्यावर कसं वागतं ते कळेल.

मांजलपूरची_मावशी
खोलीबद्दल मी सांगते कारण आम्ही फसलोय. आमची खोली बरोबर पूल डेकच्या खाली होती आणि पहाटे साडेपाचला वर खुर्च्या ओढायला लागायचे, घर्रर्र घर्रर्र, डोक्यावरून कोणी कपाट सरकवतंय असं वाटायचं, आणि रात्री उशिरापर्यंत गाणी ती वेगळीच. म्हणून डेकचा नकाशा मागून घ्या आणि बघा की तुमच्या वरच्या मजल्यावरही खोल्याच आहेत आणि खालच्या मजल्यावरही खोल्याच. वर पूल किंवा जेवणाचा हॉल नको, खाली थिएटर नको, लिफ्टच्या शेजारी तर अजिबात नको. आणि बाई, तुला झोप येत नाहीये ना, मग बिनखिडकीची आतली खोली नुसती स्वस्त म्हणून नाही तर अंधारासाठी पण चांगली, दिवा मालवला की दुपारी तीनला पण मध्यरात्र. मी आयुष्यात एवढी झोपले नव्हते.

कमाटीबाग_सकाळ
मावशींशी थोडी असहमत. आतल्या खोलीत झोप मस्त लागते पण वहिनींना बसायचंय, आणि १४ जणांत बाल्कनी हीच एक जागा जिथे दार लावून घेता येतं. परवडत असेल तर बाल्कनीच घ्या, आणि बाजू विचार करून घ्या. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेला जातं, म्हणजे पुढे तोंड केलं की उजवीकडे मोकळा समुद्र आणि सूर्यास्त, डावीकडे किनारा आणि सूर्योदय. येताना बरोबर उलटं.

आता वेळा, कारण जागा सगळ्यांना माहीत असतात पण त्या रिकाम्या कधी होतात ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. पहिली, सकाळी सहा ते साडेसात. जानेवारीत तिकडे सूर्य सातनंतरच वर येतो, त्याआधी डेकवर चालणारे चार लोक आणि पुसणारा स्टाफ, बस. दुसरी, संध्याकाळचा मोठा शो सुरू झाला की अर्धं जहाज थिएटरात जातं, तेव्हा बाजूच्या डेकवर जा, पूलवाल्या नाही, खाली जिथे लाइफबोटी टांगलेल्या असतात तिथल्या, तिथे नुसता पाण्याचा आवाज येतो. आणि तिसरी माझी सगळ्यात आवडती. गोव्याचा दिवस! सगळे उतरतात, तुम्ही उतरू नका. उतरायलाच पाहिजे असं काही नसतं. दुपारभर एवढं मोठं जहाज जवळजवळ रिकामं, पूलला पण कोणी नाही. गोवा काय, बडोद्याहून कधीही जाता येतं.

खारा_वारा
गोव्याच्या दिवसाचं अगदी बरोबर, शिवाय तेव्हा जहाज धक्क्याला बांधलेलं असतं, हलणंही नाही.

फतेगंज_७
वहिनी, एक फोनचं. किनारा लांब गेला की आपली रेंज जाते आणि जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं जातं, ते रोमिंग फार महाग पडतं, म्हणून चढल्याबरोबर फ्लाइट मोड. मी तर फोन खोलीतल्या तिजोरीत टाकला होता दोन दिवस. आणि मुंबईला त्याच दिवशीच्या गाडीने जाऊ नका, गाडी लेट झाली की बॅलार्ड पिअरला, म्हणजे क्रूझच्या धक्क्याला, पोचेपर्यंत जीव टांगणीला. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. चढल्यावर सेफ्टी ड्रिल सगळ्यांना सक्तीचं असतं, तेव्हा गर्दी होणारच, ते अर्धा तास सहन करा.

दांडियाबाजार_वाडा
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काका, रो-रो नक्की करणार, मुलालाही मजा येईल. पण बाल्कनीचं कळलं तर सगळी मुलं माझ्याच खोलीत येऊन बसतील, शिवाय गोव्याला उतरले नाही तर जावांना वाटेल काही बिनसलंय. कसं सांगायचं त्यांना?

मांजलपूरची_मावशी
आधीच सांग, घरी, निघायच्या आधी. "मला गोव्याच्या दिवशी जहाजावर थांबायचंय, माझ्या मुलाला तुम्ही घेऊन जाल का" एवढंच. कारण देत बसू नकोस. दोन वर्षं तू काय केलंस ते त्या घरात सगळ्यांनी पाहिलंय, नाही म्हणणार नाहीत गं. तिथे गेल्यावर गुपचूप गायब झालीस तर मात्र शोधाशोध होईल आणि तुझंच मन खट्टू होईल.

दांडियाबाजार_वाडा
काल रात्री जेवताना सांगितलं. मोठी जाऊ म्हणाली मुलाची काळजी करू नकोस, आम्ही नेतो. खोली पण बदलली, मधली, पाचव्या डेकवर, वर-खाली खोल्याच, बाल्कनी नाही पण मोठी खिडकी आहे. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. आज सकाळी पूजेनंतर म्हणाल्या, सहाला तू वर जाशील तेव्हा मला पण उठव, मी बोलणार नाही काही, तुझ्या शेजारी बसेन. त्यांनाही रात्री दोनलाच जाग येते, मला माहीतच नव्हतं.

त्यांना उठल्याबरोबर चहा लागतो. एवढ्या लवकर मिळतो का वर?

कमाटीबाग_सकाळ
आमच्या जहाजावर बुफेपाशी चहा-कॉफीचं मशीन रात्रभर चालू असायचं. पण तो चहा फिका असतो, आजींसाठी घरचा चहा मसाला पुडीत बांधून न्या. आणि दोघींना जाड शाली, वारा फार लागतो सकाळी.