मदत हवी आहे: लंडनहून येणाऱ्या मेव्हण्याचा व्हेप

मेव्हणा पुढच्या महिन्यात लग्नासाठी लंडनहून मुंबईमार्गे नागपूरला येतोय. सिगारेट सुटावी म्हणून तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो. पेनएवढी नळी आणि आंब्याच्या वासाच्या दोन बाटल्या, एवढाच पसारा. त्याचं म्हणणं, "भाऊजी, लिथियम बॅटरी आहे, चेक-इनमध्ये चालत नाही, हातातल्या बॅगेत टाकतो. तिकडे कोणी काही म्हणत नाही."

तिकडचं ठीक आहे हो! आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवणूक सगळं बंद. आयातीला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पठ्ठ्याला हे पटतच नाही.

कोणाच्या नातेवाइकाचा असा प्रसंग झालाय का? मुंबईला कस्टमवाले नुसतं जप्त करतात की कागदपत्रं, दंड वगैरे होतं? आणि तिथून सुटलं तरी परतताना नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सीआयएसएफच्या स्कॅनरमध्ये दिसलं तर काय करतात?

मी तर त्याला तिकडेच ठेवून ये म्हणतोय. निकोटिनचं च्युइंगगम इथे मेडिकलमध्ये मिळतं, तेवढ्यावर त्याचं भागेल का, हेही वापरलेल्यांनी सांगा. "काही होत नाही, बिनधास्त आण" असे सल्ले कृपया नकोत, घरात ते देणारे भरपूर आहेत.