मे महिन्यात बागेत पंगत: ऊन, वळीव आणि घरातली लहान-थोर माणसे सांभाळून बेत कसा आखावा?

विचारणा: परडेवाली, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. आमचे घर बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या बाजूला एका लहान गावात असून घरामागे परडे, त्याला लागून काजू-आंब्याची बाग आणि खालच्या अंगाला भातशेती आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून दीर, नणंदा आणि त्यांची मुले येणार आहेत. यंदा एक दिवस तरी बागेतच चूल मांडावी, आमरसाची पंगत तिथेच बसवावी, मुलांनी परड्यातल्या मातीत हात घालावेत आणि दुपारी आंब्याखाली बाज टाकून निवांत पडावे, अशी घरातल्या सर्वांचीच हौस आहे.

हौस आहे तशी काळजीही आहे. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या असून त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि मुलांपैकी एक जेमतेम दोन वर्षांचे आहे. आमच्याकडे अथणी-रायबागसारखी काहिली होत नाही हे खरे, पण भर दुपारचे ऊन सोसवत नाही, आणि दुपार कलली की वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो. जेवणाची वेळ कोणती ठेवावी, उन्हात कोणते पदार्थ टिकतात, कोणते टाळावेत आणि मुलांना बागेत कोणते काम द्यावे, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती.

उत्तर: शहापूरकर, बेळगाव

ताई, बेत उत्तम आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे सूर्य कलला की हवेत लगेच फरक पडतो आणि वारा सुटतो. म्हणून माझे मत संध्याकाळच्या पंगतीकडे झुकते. दुपारी बारा ते तीन या वेळात चुलीपुढे कोणालाही बसवू नये, कारण बाहेरचे ऊन आणि पुढ्यातला जाळ असा दोन्हीकडून ताप सोसणारी स्वयंपाक करणारी बाईच सगळ्यांत आधी आजारी पडते आणि पंगतीच्या गडबडीत तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते.

जेवणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण उन्हाळ्यातल्या पंगतीनंतर घरचे घर आजारी पडते ते बहुधा उन्हाने नव्हे, तर अन्नाने. शिजवलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. असे अन्न एरवी दोन तासांच्या आत संपवावे असे सांगतात, पण हवेचे तापमान 32 अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते, आणि मे महिन्यातली आपली दुपार 32 अंशांच्या वरच असते. भाताची विशेष काळजी घ्यावी. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की ते पुन्हा वाढीला लागतात; त्यांनी सोडलेले विष नंतर भात गरम केला तरी जात नाही. म्हणून सकाळचा भात संध्याकाळी परतून वाढू नये, भात पंगतीच्या वेळीच वाफाळता उतरवावा.

टिकाऊ पदार्थ आपल्याकडे काही कमी नाहीत. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, सुका झुणका, शेंगदाण्याची चटणी, संकेश्वरी मिरचीचा ठेचा, कांदा आणि भडंग हे दिवसभर बिनघोर ठेवता येते. ओल्या नारळाची चटणी, दही घातलेली कोशिंबीर, मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा यांना मात्र वेळेचे बंधन पाळावे. आमरस आयत्या वेळी काढावा, त्यात दूध घालू नये, आणि रसाचे पातेले बर्फाच्या परातीत ठेवून वर झाकण घालावे. कच्चे मांस ज्या विळीवर आणि पाटावर कापले, त्यावर काकडी-कांदा चिरू नये. शेवटी एक गोष्ट भांड्यांची: हौसेने जुनी पितळी पातेली बाहेर काढली जातात, पण आतली कल्हई गेली असेल तर त्यांत ताक, पन्हे किंवा कोकम सरबत मुळीच ठेवू नये. आंबट पदार्थात तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या सुरू होतात.

उत्तर: मळेकरी, निपाणी

शहापूरकरांचे जेवणाविषयीचे सगळे म्हणणे मान्य आहे, संध्याकाळची वेळ मात्र मान्य नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तो बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळीच, आणि त्या पावसाबरोबर येणारी वीज दरवर्षी आपल्या भागात शेतातली माणसे आणि जनावरे घेऊन जाते. पंगत बागेत, बाग झाडांची, आणि वेळ नेमकी विजेची, हे मला अजिबात पटत नाही. पहाटे चूल पेटवून साडेनऊ-दहाच्या सुमारास पहिली पंगत उठवावी. पूर्वी मळ्यात राबणारी माणसे न्याहारी करून दहाला सावलीला येत, त्यामागे हाच हिशेब होता.

तरीही आभाळ भरून आलेच तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावे. हा आकडा 30 च्या आत आला की वीज 10 किलोमीटरच्या टप्प्यात आहे असे समजून भांडी तिथेच टाकावीत आणि सर्वांनी पक्क्या घरात जावे. आंब्याखाली, खोपटात किंवा पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नये. घर लांब असेल तर काचा लावलेल्या मोटारीत बसावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास उलटल्याशिवाय कोणीही भांडी आणायला बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी हे मोफत ॲप आपल्या जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते, ते घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असावे.

चुलीच्या जागेविषयी सांगतो. जागा ठरवण्यापूर्वी मान वर करून झाड नीट पाहावे. फांदीखाली आग्या मोहोळ लटकलेले असेल तर त्या झाडाच्या आसपासही जाळ करू नये, कारण धूर आणि धग लागली की त्या माश्या थव्याने उठतात. माश्या उठल्याच तर तोंड झाकून घराकडे पळावे आणि दार लावून घ्यावे. विहिरीत किंवा हौदात उडी मारू नये. चुलीभोवतीचा पाचोळा लांबवर झाडून काढावा, कडब्याची गंजी वाऱ्याच्या दिशेला नाही ना हे पाहावे आणि पाण्याच्या दोन भरलेल्या घागरी हाताशी ठेवाव्यात. सरपणात कण्हेरीची काटकी येऊ देऊ नये, आणि तिची काडी मक्याचे कणीस भाजायला तर कधीच वापरू नये. ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

तुमची बाग काजूची आहे म्हणून आणखी एक सांगणे आहे. शहरातल्या मुलांना काजूबिया चुलीत भाजायचा मोह होतो. कच्च्या बीच्या टरफलात जे तेल असते ते अंगावर उडाले की कातडी भाजून फोड येतात आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. बिया भाजायच्याच असतील तर ते काम जाणत्या माणसाने, मुलांना लांब बसवून, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला राहून करावे. बोंडे मात्र मुलांना खुशाल धुऊन खाऊ द्यावीत. झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या आंब्याचा चीकही असाच वाईट असतो, म्हणून देठ मोडून आंबा थोडा वेळ पालथा ठेवावा आणि चीक गळून गेल्यावर धुऊनच मुलाच्या हातात द्यावा.

उत्तर: निवृत्त परिचारिका, बेळगाव

ताई, मी तुमच्या सासूबाईंविषयीच लिहिते. वय झाले की तहान लागल्याची जाणीव कमी होते, त्यामुळे "मला तहान नाही" या त्यांच्या उत्तरावर विसंबून राहू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने कोणीतरी फुलपात्र त्यांच्या हातात द्यावे, आणि ते काम एका ठरावीक माणसाकडे सोपवावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते आणि शरीरातले पाणी लवकर कमी होते. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद न करता, पाणी, मीठ आणि गोळ्या यांविषयी त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. ताकात आणि पन्ह्यात आपण सहज मीठ घालतो, ते त्यांना किती चालेल हेही त्याच वेळी विचारावे.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे येणे ही ऊन बाधल्याची सुरुवातीची लक्षणे आहेत. अशा माणसाला सावलीत निजवावे, पाय थोडे उंच करावेत आणि घोट घोट जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवावे. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा हाकेला ओ देईनासा झाला, तर तो उष्माघात समजावा. त्यात शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि एकेक मिनिट मोलाचे असते. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ असेल तर मानेला, काखेत आणि जांघेत ठेवावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये, आणि तापाची गोळीही देऊ नये. या तापावर ती चालत नाही. एकाने हे करावे आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. आपल्या सीमाभागात मोबाइलला कधी कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर मिळतो, तेव्हा फोनवर पहिल्याच वाक्यात कर्नाटक, जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर असे सांगून मग गावाचे नाव सांगावे. ही माहिती कन्नडमध्ये लिहिलेला कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवून ठेवला तर पुण्याहून आलेल्या पाहुण्यालाही तो वाचणारे शेजारी माणूस बोलावता येईल.

दोन वर्षांच्या बाळाला बंद मोटारीत झोपवून कोणी क्षणभरही दूर जाऊ नये, सावलीतल्या मोटारीतही नाही. परड्यात भरलेला हौद किंवा बादली असेल तर तिच्यावर झाकण असावे. एवढे लहान मूल वितभर पाण्यातही बुडू शकते.

उत्तर: येळ्ळूरचा माळी

मुलांच्या कामाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही बागकामाची वेळ. या दिवसांत परड्यात दोन कामे मुलांच्या हातांनी फार छान होतात. एक म्हणजे आले-हळदीची लागवड. गड्डे निवडून, डोळा वर येईल असे बेताच्या खोलीवर मुलांनी स्वतः पुरावेत. पावसाळ्यात त्यांना कोंबाचे छायाचित्र पाठवले की पुढच्या सुट्टीपर्यंत त्यांचा जीव त्या वाफ्यात गुंतून राहतो.

दुसरे काम मडके पुरण्याचे. खानापूरच्या कुंभाराकडून न रंगवलेले, साधे भाजलेले मडके आणावे, वेलाच्या आळ्याशेजारी गळ्यापर्यंत पुरावे आणि पाण्याने भरावे. माती सुकेल तसे पाणी मडक्याच्या अंगातून झिरपत जाते, वेलाची मुळे त्याच्याभोवती जमतात आणि भर मेमध्येही दोडका, काकडी तग धरतात. तोंडावर झाकणी हवीच, नाही तर त्यात डासांची अंडी होतील. आळ्यात उसाचे पाचट किंवा पालापाचोळा चार बोटे जाडीचा अंथरावा, पण खोडाला चिकटवू नये, वाळवी लागते.

दगडांचे ढीग, सरपण आणि गवताची गंजी हलवण्याचे काम मुलांना देऊ नये. साप आणि विंचू उन्हाळ्यात अशाच थंड जागी बसतात. काही हलवायचेच असेल तर आधी काठीने ठोकावे, पायात बूट असावेत. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या पाहुणे येण्यापूर्वीच कुलुपात जाव्यात.

परडेवाली, खानापूर तालुका

सर्वांची मनापासून आभारी आहे. घरात चर्चा होऊन सकाळची पंगत ठरली आणि दुपारच्या विश्रांतीसाठी सासूबाईंची बाज पडवीत टाकायची असेही ठरले. आता मुलांचा एक हट्ट उरला आहे. रात्री बागेत चांदण्याखाली झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या जंगलात करवंदे काढायला जायचे, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. होकार द्यावा का?

उत्तर: मळेकरी, निपाणी

बागेत नको, अंगणात झोपू द्यावे, आणि जमिनीवर अंथरूण न घालता बाजेवर, मच्छरदाणीचे काठ गादीखाली नीट खोचून. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलता न येणे यावरूनच तो कळतो. अशी शंका आली तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही न करता, चावलेला भाग न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे पाहुणे येण्याआधी चौकशी करून ठेवावे.

उत्तर: निवृत्त परिचारिका, बेळगाव

करवंदांना जायला हरकत नाही, पण सकाळी जावे, अंगभर कपडे घालावेत, आणि जंगलात जाळ करू नये. तो कायद्यानेही गुन्हा आहे. मुख्य काळजी गोचिडांची घ्यावी. माकडताप गोचिडांच्या चावण्यातून होतो. तो 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि पुढे आपल्या शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही आढळला. त्याचा काळ हिवाळ्यापासून मेपर्यंतचा असतो. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता मागे फिरावे आणि आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवावे. घरी आल्यावर सर्वांनी कपडे गरम पाण्यात भिजवून साबणाने आंघोळ करावी, आणि मुलांच्या काखा, कानामागचा भाग व केस मोठ्या माणसाने स्वतः तपासावेत. नंतरच्या आठ-दहा दिवसांत कोणाला अचानक जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना खानापूरच्या जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे. एरवी त्यांना या तापाची शंका येण्याचे कारण नाही.