मदत हवी आहे: मुंबई-टोरोंटो पार्टनर अवॉर्डसाठी (पॉइंट्सवरच्या तिकिटासाठी) पॉइंट्स एरोप्लॅनला द्यावेत की क्रिसफ्लायरला?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं बाळंतपण मार्चमध्ये आहे, टोरोंटोला. आई-बाबांना फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथे पोहोचवायचंय. दोघांचे सुपर व्हिसा (कॅनडाचा आई-वडिलांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) हातात आहेत. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे या वेळी तिला बिझनेस क्लासनेच न्यायचं असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. रोख पैसे देऊन ती तिकिटं झेपणारी नाहीत. पण आमची जळगावला डाळमिल आहे, आणि मिलचा बराच खर्च क्रेडिट कार्डावरून होतो. त्याचे पॉइंट्स बरेच साठलेत, ते यासाठीच वापरायचे आहेत.

कार्डावरून एरोप्लॅन (एअर कॅनडा), क्रिसफ्लायर (सिंगापूर एअरलाइन्स) आणि फ्लाइंग ब्लू (एअर फ्रान्स-केएलएम) या विमान कंपन्यांच्या तिन्ही पॉइंट्स योजनांकडे पॉइंट्स पाठवता येतात आणि दरही सारखाच आहे. पण एकदा पाठवले की परत येत नाहीत, म्हणून हा धागा.

फ्लाइंग ब्लू मी जवळपास बाजूला ठेवलंय. एअर फ्रान्स-केएलएमचे भाव मागणीप्रमाणे हलतात आणि आमची तारीख पक्की आहे. दर महिन्याच्या प्रोमो रिवॉर्ड्समध्ये (ठरावीक मार्गांवरच्या सवलतीत) नेमकी मुंबई-टोरोंटो येईल म्हणून वाट बघत बसणं आम्हाला परवडणार नाही.

उरले दोन. दोन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातले, म्हणजे लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, एअर इंडिया यांच्या सीट्स दोन्हीकडून काढता येतात. सीट तीच, हिशोब मात्र वेगळा. क्रिसफ्लायर पार्टनर तिकिटावर, म्हणजे गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या तिकिटावर, इंधन सरचार्ज लावतं. लुफ्तान्साच्या बिझनेसला तो दोन माणसांचा मिळून चांगलाच जड जातो. एरोप्लॅन पार्टनर तिकिटावर सरचार्ज लावत नाही. विमानतळांचे कर आणि ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग शुल्क, एवढंच. शिवाय एकेरी तिकिटात ५,००० पॉइंट्स जास्त देऊन वाटेत मुक्कामही करता येतो, पण तो आम्हाला नकोय. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, मग खात्यात कितीही हालचाल असो. एरोप्लॅनला १८ महिन्यांत काहीतरी व्यवहार झाला की पॉइंट्स जिवंत राहतात. क्रिसफ्लायरवर दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं तर आधी नॉमिनी म्हणून नाव जोडावं लागतं आणि अशी पाचच नावं चालतात. आई-बाबा दोघंच आहेत, त्यामुळे ती अडचण नाही.

एवढ्यावरून मन एरोप्लॅनकडे झुकतंय. अडतंय ते अंतरापाशी. एरोप्लॅनचा पार्टनर तक्ता (कोणत्या तिकिटाला किती पॉइंट्स) प्रत्यक्ष उडलेल्या मैलांवर चालतो आणि आपल्याकडून उत्तर अमेरिकेला जाताना ८,००० मैलांवर टप्पा बदलतो. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण ४,०८० मैल, फ्रँकफर्ट-टोरोंटो साधारण ३,९४०. बेरीज ८,००० च्या किंचित वर. म्युनिक, झुरिक किंवा इस्तंबूलमार्गे गेलं तरी तेच. एअर इंडियाने मुंबई-दिल्ली आणि पुढे दिल्ली-टोरोंटो थेट घेतलं तर बेरीज ७,९०० च्या आसपास राहते आणि स्वस्त टप्प्यात बसते. बाबांनाही हाच मार्ग पसंत आहे. विमान बदलायचं ते दिल्लीत, हिंदी बोलता येतं आणि व्हीलचेअरवाल्याला आईचं दुखणं नीट सांगता येतं. मला हे पटतं. पण दिल्लीनंतरचं विमान फार लांब पल्ल्याचं आहे. फ्रँकफर्टला उतरून दोन-तीन तास पाय मोकळे झाले तर आईला बरं पडेल, असंही वाटतं.

म्हणून ज्यांनी अशी तिकिटं काढलीत त्यांना विचारतो. एअर इंडियाच्या दिल्ली-टोरोंटो विमानात एरोप्लॅनला बिझनेसच्या दोन सीट्स एकाच दिवशी मिळतात का, की एकच सुटते? मिळत असतील तर किती आधी? सीट खरी आहे का हे मी एरोप्लॅन आणि त्याच गटातली अमेरिकेची युनायटेड एअरलाइन्स, दोन्हीकडे बघून ताडतोय. एकीकडेच दिसणाऱ्या सीटवर भरवसा ठेवून पॉइंट्स पाठवायची माझी तयारी नाही. आणि तुमच्या बँकेतून एरोप्लॅनला पॉइंट्स पोहोचायला किती वेळ लागला, तेही सांगा. कुठे मिनिटांत होतं, कुठे दिवस जातात आणि तोवर सीट दुसऱ्याची होते.

आणखी एक, खास आपल्या खान्देशातल्यांसाठी. जळगावहून उडणाऱ्या अलायन्स एअर आणि फ्लाय९१ या दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये नाहीत. अलायन्स एअरचं नाव वाचून बाबांचा तसा समज झाला होता, पण एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ती सरकारकडेच राहिली. म्हणजे जळगाव-मुंबई या तिकिटात जोडता येणार नाही. वेगळं तिकीट काढलं आणि ते विमान उशिरा आलं, तर पुढची जबाबदारी कोणाचीच नाही. त्यापेक्षा भुसावळकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीने दादर किंवा कल्याणला उतरून विमानतळ गाठावा असं मला वाटतं. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे रेल्वेचं तिकीट आदल्या तारखेचं काढावं लागेल, हे लक्षात आहे. लुफ्तान्साच्या बिझनेसला प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात. डिंकाचे लाडू, मेथ्या, कळण्याचं पीठ, बाळंतिणीचं सगळं धरून ते वजन भरणारच. एवढं सामान आणि दोन म्हातारी माणसं घेऊन कल्याणला उतरणं सोपं की दादरला?

अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. येत्या आठवड्यात पॉइंट्स पाठवायचा विचार आहे.