भाडं नंतर, आधी पाणी बघा

लातुरात शिकवणीच्या भागात जुनं घर घेऊन चार खोल्या पोरांना द्याव्यात की सरळ एक फ्लॅट घ्यावा, असं वर विचारलंय. आमच्या अशाच पाच खोल्या आहेत, म्हणून लिहितो.

घर बघायला मे महिन्यात जा. पावसाळ्यात काय, सगळ्याच बोअरला पाणी असतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे गाव. बोअर आटला की टँकरच्या पायी भाडं जातं, मागोमाग भाडेकरूही. फ्लॅटमध्ये निदान टँकरचा खर्च वाटला जातो. तरी माझं मत खोल्यांकडेच. एक रिकामी राहिली तर बाकीच्या चालतात. फक्त मेडिकल प्रवेशाची 'नीट' (NEET) परीक्षा झाली की पोरं गावाकडं पळतात, म्हणून हिशेब दहा महिन्यांचाच धरा.

"अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पवर लिहिला की झालं" असं एकानं म्हटलंय. नाही हो! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अन् जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करणं आपल्यावर. डिपॉझिटच्या एका भांडणात हे मला फार उशिरा कळलं.

गुंठेवारीतलं, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं घर असेल तर नियमितीकरणाचा कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. आणि प्रत्येक खोलीला सबमीटर लावा, नाहीतर कूलरवरून रोज कटकट.